संघाची पावती फाडली, पुढे काय?

महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापकाचं काही अडलं तर विभागात विचारायला दुसरं कोणीतरी असतं. ग्रंथपालाचं तसं नाही. बहुतेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचं पद एकच, आणि लहान सार्वजनिक वाचनालयात तर ग्रंथपाल, लिपिक, शिपाई या तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर. प्राचार्यांना तालिकेतलं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या सूचीतलं, फारसं कळत नाही, संगणक पुरवणाऱ्याला वर्गीकरणाचा गंध नसतो आणि लेखापरीक्षकाला फक्त हरवलेल्या पुस्तकांची यादी दिसते. ग्रंथालय संघाचं सभासदत्व घ्यायचं ते यासाठी. बायोडेटात एक ओळ वाढते, तो भाग गौण.

आपल्याकडे ‘ग्रंथालय संघ’ म्हटलं की दोन वेगळ्या जातीच्या संस्था एकत्र कालवल्या जातात, आणि नव्याने नोकरीला लागलेल्यांचा गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिली जात सार्वजनिक ग्रंथालयांच्या संघांची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याचा अंमल १ मे १९६८ पासून. राज्य संघ, महसुली विभागांचे विभाग संघ आणि जिल्हा संघ अशी ही उतरंड आहे आणि तिला कायद्याच्या चौकटीत स्थान आहे. शिक्षणमंत्री ज्या राज्य ग्रंथालय परिषदेचे अध्यक्ष असतात, त्या परिषदेवर संघांचे प्रतिनिधी जातात. इथे सभासद असतं ते वाचनालय, माणूस नव्हे. संघाच्या सभेला जो जातो तो संस्थेचा प्रतिनिधी म्हणून, आणि बहुतेक वेळा तो कार्यकारिणीतला अध्यक्ष किंवा कार्यवाह असतो. त्यामुळे अनुदानवाढ, वर्गवाढ (वाचनालयाला वरचा वर्ग मिळणं), नव्या वाचनालयांची मान्यता हे विषय या व्यासपीठावर हिरिरीने मांडले जातात. सेवकांच्या वेतनश्रेणीचा विषय मात्र अवघडल्यासारखा येतो, कारण समोर बसलेले अर्धेअधिक लोक मालकाच्या बाजूचे असतात. म्हणूनच ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना वेगळ्या झाल्या. तुम्ही वाचनालयातले पगारी सेवक असाल तर जिल्हा संघाच्या पावतीवर तुमचं नाव नसतं, वाचनालयाचं असतं, हे आधीच लक्षात घ्या. तरीही जिल्हा संघाशी संबंध ठेवावाच. अनेक जिल्ह्यांत ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग संघच चालवतो, आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तपासणीआधी कोणते कागद मागतात, याची खरी माहिती तिथेच मिळते.

दुसरी जात व्यक्तींच्या व्यावसायिक संघटनांची. इंडियन लायब्ररी असोसिएशन, म्हणजे ‘इला’, १९३३ साली कोलकात्यात स्थापन झाली, कार्यालय दिल्लीत. विशेष ग्रंथालयांसाठीची ‘आयस्लिक’ १९५५ ची, कोलकात्याचीच. तिची राष्ट्रीय परिषद आणि चर्चासत्र आलटून पालटून एकेका वर्षी भरतात. व्यवस्थापन संस्थांच्या ग्रंथपालांसाठी ‘मॅनलिबनेट’, वैद्यकीय महाविद्यालयांसाठी मेडिकल लायब्ररी असोसिएशन ऑफ इंडिया. मुंबईत विज्ञान ग्रंथपालांची ‘बोसला’ आहे, आणि राज्यातल्या विद्यापीठ व महाविद्यालय ग्रंथपालांची ‘म्युक्ला’. शिवाय विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रापुरत्या मर्यादित संघटना आहेत, शालेय ग्रंथपालांच्या आहेत. शालेय संघटनांचा बराचसा वेळ अर्धवेळ-पूर्णवेळच्या प्रश्नातच जातो, आणि तो जायलाच हवा.

सगळीकडे सभासद व्हायची गरज नाही. एक संघटना अशी निवडा की जिच्या सभेला एसटीने जाऊन त्याच संध्याकाळी परत येता येईल. दुसरी तुमच्या ग्रंथालयाच्या प्रकाराची, मग ती कुठल्याही शहरात असो. जवळच्या संघटनेतून माणसं मिळतात, लांबच्या संघटनेतून विषय. तिसरी घ्यायची असेल तर तिचं नियतकालिक तुम्ही खरोखर वाचणार आहात का, एवढं स्वतःला विचारा.

पैसे भरण्याआधी संघटना जिवंत आहे का ते पाहा. महाराष्ट्रातल्या बहुतेक संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो. नसेल तर तिथेच थांबा. क्रमांक मिळाला की तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद, शेवटच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि फेरफार अहवालाची स्थिती. यातला तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच असते. कार्यकारिणी बदलली की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल दाखल करावा लागतो. तो झाला नाही तर परिशिष्टावर, म्हणजे त्या कार्यालयातल्या नोंदीवर, जुनीच नावं राहतात. मग बँक सह्या बदलून देत नाही, खातं अडकतं, नियतकालिकाचा अंक निघत नाही आणि सभासद म्हणतात, ‘संघ झोपलाय’. संघ झोपलेला नसतो. निवृत्त झालेल्या खजिनदाराच्या सहीवाचून त्याचे हात बांधलेले असतात. मात्र दोन गट एकमेकांविरुद्ध फेरफार अहवाल घेऊन बसले असतील तर निकाल लागेपर्यंत आजीव वर्गणी भरू नका. वार्षिक भरा आणि वाट पाहा.

आजीव की वार्षिक हा हिशोब सोपा आहे. समजा वार्षिक वर्गणी ३०० रुपये आणि आजीव ३,००० रुपये. दहा वर्षांत पैसे फिटतात. तिशीतल्या माणसाने आजीव घ्यावं, निवृत्तीला सहा वर्षं राहिलेल्याने वार्षिक. पण हिशोबापलीकडे एक बाब आहे. वार्षिक सभासदाची थकबाकी राहिली तर मतदार यादीतून त्याचं नाव जातं, आणि ते गेल्याचं निवडणुकीच्या दिवशीच कळतं. आजीव सभासदांच्या बाबतीत बिघडतं ते पत्त्यामुळे. अर्जावर महाविद्यालयाचा पत्ता आणि महाविद्यालयाचा ईमेल दिला जातो. बदली झाली, नोकरी सोडली, की अंक आणि मतपत्रिका जुन्या पत्त्यावर जाऊन धूळ खातात. घरचा पत्ता आणि खासगी ईमेल द्या. अर्जाची छायाप्रत, पावती आणि सभासद क्रमांक एका फाइलमध्ये ठेवा. पंधरा वर्षांनी संघाचं दप्तर गहाळ झालेलं असतं, तेव्हा पुरावा तुमच्याकडेच असतो.

वर्गणी संस्थेकडून मिळू शकते का? महाविद्यालयात विचारायला हरकत नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यांकन अहवालात ६.३.२ हा निकष शिक्षकांना परिषदांसाठी आणि व्यावसायिक संस्थांच्या सभासद वर्गणीसाठी दिलेल्या आर्थिक साहाय्याचा राहिला आहे. ग्रंथपालाला त्यात धरायचं की नाही हे आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांना अर्जाआधीच विचारून घ्या. अर्ज वर्गणी भरण्यापूर्वी करा, ऑनलाइन भरणा करा, पावती स्वतःच्या नावाची घ्या. रोखीने भरून नंतर केलेला अर्ज लेखा विभागात हमखास अडकतो. आणि एक गैरसमज दूर करतो: देणगीवरची प्राप्तिकर सवलत सभासद वर्गणीला लागत नाही.

आता पावती फाडून झाली. इथून पुढे बहुतेक सभासद गप्प होतात. बारा ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा कार्यक्रम, नोव्हेंबरात १४ ते २० राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, शाल, श्रीफळ, गटफोटो, संपलं. संघाचा खरा उपयोग उरलेल्या ११ महिन्यांत आहे, आणि तो प्रश्न कसा विचारता यावर अवलंबून आहे.

‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. ‘कोहामध्ये प्रॉब्लेम येतोय, कोणी मदत करेल का?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला आधी पाच उलटप्रश्न विचारावे लागतात. हाच प्रश्न असा विचारा: ‘कोहा २३.११, उबुंटू २२.०४. मराठी पुस्तकांची नोंद साठवली जाते, नोंद क्रमांकाने उघडतेही, पण देवनागरी शब्द टाकून शोधल्यावर सापडत नाही. इंग्रजी पुस्तकं सापडतात. अनुक्रमणी एकदा पुन्हा बांधून पाहिली.’ ज्याने हे सोसलंय तो एका ओळीत सांगेल: झेब्राची (कोहातल्या शोधयंत्रणेची) अनुक्रमणी सीएचआर पद्धतीवर असावी, ती युनिकोड नीट हाताळणाऱ्या आयसीयू पद्धतीवर न्या आणि मग संपूर्ण अनुक्रमणी पुन्हा बांधा, नुसत्या बदललेल्या नोंदींची बांधून भागत नाही. आवृत्ती, काय चालतं, काय चालत नाही, काय करून पाहिलं, या चार गोष्टी प्रश्नात असल्या की काम होतं. उत्तर मिळाल्यावर ‘झालं, अमुक केल्याने झालं’ असं कळवा. हे न कळवणाऱ्यांमुळे तोच प्रश्न दर सहा महिन्यांनी नव्याने येतो.

तालिकेच्या नोंदींची देवाणघेवाण हे जवळच्या संघाचं सर्वांत मोलाचं काम, आणि सर्वांत कमी होणारंही. इंग्रजी पुस्तकाची नोंद झेड३९.५० वरून (ग्रंथालयांनी एकमेकांच्या तालिकेत शोधून नोंदी घेण्याची संगणकीय प्रणाली) परदेशातल्या ग्रंथालयाकडून ओढता येते. जुन्या मराठी पुस्तकाची तिथे मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाली तरी बरेचदा रोमन लिपीत. पण तेच पुस्तक जिल्ह्यातल्या वीस ग्रंथालयांत असतं आणि वीस जण ते वीसदा टंकतात. एका ग्रंथालयाने नीट केलेल्या नोंदी इतरांनी घ्याव्यात, यात अडचण तांत्रिक कमी आणि मनाची जास्त. तांत्रिक अडचणी मात्र ठरलेल्या आहेत, त्या आधीच हाताळाव्यात.

पहिली लिपीची. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेला डेटा देणार असाल तर तो आधी युनिकोडमध्ये बदला. नाहीतर घेणाऱ्याकडे रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मार्कची (तालिकेच्या नोंदींचा प्रमाण संगणकीय नमुना) निर्यात यूटीएफ-८ या युनिकोड संकेतनातच हवी. जुन्या मार्क-८ संकेतनात देवनागरी बसतच नाही. नोंदीच्या आरंभीच्या लीडरमध्ये ०९ क्रमांकाच्या स्थानावर लहान ‘ए’ आहे ना, तेवढं पाहा. दुसरी अडचण प्रतींची. कोहातून नोंदी काढताना प्रतींची माहिती वगळण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करा. ती राहिली तर ९५२ या टॅगमधले त्यांचे दाखल क्रमांक आणि बारकोड तुमच्याकडे येतात. न घेतलेली पुस्तकं तुमच्या तालिकेत दिसू लागतात आणि पडताळणीच्या वेळी ती ‘गहाळ’ निघतात. तिसरी, जुळणीची. आयात करताना आयएसबीएनवरून (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून) जुळवा असं सांगितलं तर जुन्या मराठी पुस्तकांची सरळ दुबार नोंद होते, कारण त्यांना आयएसबीएनच नसतो. म्हणून आधी पन्नासच नोंदी आणा, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष हाताने पडताळा, मग पुढचा गठ्ठा.

आणि चौथी, जिच्यावर संघाच्या बैठकीत तास-दोन तास खर्च झाले तरी ते सत्कारणी लागतील: लेखकाचं नाव. आडनावानंतर पूर्ण नाव द्यायचं की अद्याक्षरं? अद्याक्षरं ‘अ. ब.’ अशी जागा सोडून की ‘अ.ब.’ अशी चिकटवून? टोपणनावाने लिहिणाऱ्या कवीची मुख्य नोंद टोपणनावाखाली की खऱ्या नावाखाली? माणसाला हा फरक जाणवत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन लेखक असतात. यावर एक पानभर ठराव करून सगळ्यांनी तो पाळला, तर जिल्ह्याची संयुक्त तालिका वर्षभरात उभी राहू शकते.

गहाळ पुस्तकं बाद करण्याचा प्रश्नही एकट्याने सोडवू नये. ग्रंथपाल घाबरतो, प्राचार्य सही करत नाहीत, आणि तीस वर्षांपूर्वी हरवलेली पुस्तकं दाखल नोंदवहीत जिवंत राहतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम २१५ आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा वाचलेल्या दर १,००० ग्रंथांमागे पाच गहाळ होणं तो वाजवी मानतो, अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. १,००० रुपयांपेक्षा महाग ग्रंथ किंवा कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ गेला तर चौकशी करावीच लागते. म्हणजे वर्षाला १२,००० पुस्तकांची देवघेव असेल तर साठ ग्रंथांपर्यंतची घट नियमात बसते. पडताळणीचंही तिथेच आहे: २०,००० ग्रंथांपर्यंत दरवर्षी संपूर्ण, २०,००० ते ५०,००० असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा, त्याहून अधिक असतील तर तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी. हा नियम तुमच्या संस्थेला आपोआप लागू होत नाही. ग्रंथालय समितीत आणि व्यवस्थापन मंडळात ठराव करून स्वीकारावा लागतो. इथे संघ उपयोगी पडतो. शेजारच्या महाविद्यालयाने असा ठराव केला असेल तर त्याची प्रत मागून घ्या. प्राचार्यांपुढे नियमाच्या पुस्तकापेक्षा दुसऱ्या महाविद्यालयाचा मंजूर ठराव जास्त चालतो, हे कटू असलं तरी खरं आहे.

एक लक्ष्मणरेषा सांभाळावी लागते. ‘अमुक लेखाची पीडीएफ कोणाकडे आहे का?’ अशा मागण्या ग्रंथपालांमध्ये सर्रास होतात. कोणाच्या वैयक्तिक अभ्यासासाठी एखाद्या लेखाची प्रत देणं हे कायद्यातल्या उचित वापरात बसू शकतं, पण तुमच्या संस्थेचा प्रकाशकाशी झालेला परवाना बाहेरच्या संस्थेला प्रत द्यायला मुभा देतो का, हे आधी वाचा. लॉगिन आणि पासवर्ड तर कधीच देऊ नका, अगदी जिवलग मित्रालाही. एकाच खात्यावरून धडाधड लेख उतरवले गेले की प्रकाशक संपूर्ण संस्थेचा प्रवेश बंद करतो आणि विद्यार्थी परीक्षेच्या तोंडावर तुमच्या टेबलाशी येतात. संपूर्ण पुस्तकाचं म्हणाल तर प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये तरतूद आहे, पण ती अरुंद आहे: बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय, भारतात विक्रीला नसलेलं पुस्तक, ग्रंथालयाच्याच वापरासाठी, आणि जास्तीत जास्त तीन प्रती. हवं असलेलं पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीने मागवणं हा सरळ रस्ता. डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्यात सभासदत्व संस्थेचं असतं, म्हणून वाचकाने परस्पर मागणी न करता ती तुमच्यामार्फत करायची. परत करण्याची तारीख आणि टपालखर्च कोणाचा, हे मागणीच्या पत्रातच लिहा.

परिषदांबद्दल थोडं कडक बोलतो. वेतननिश्चितीसाठी प्रमाणपत्रं गोळा करणाऱ्यांनी यूजीसीची १८ जुलै २०१८ ची विनियमावली स्वतः वाचावी. सहायक ग्रंथपालाच्या पहिल्या बढतीसाठी तिथे २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि ग्रंथालय स्वयंचलन-अंकीकरण यांसारख्या विषयावर किमान पाच दिवसांचं प्रशिक्षण मागितलं आहे. एकेका दिवसाच्या पाच प्रमाणपत्रांची बेरीज छाननी समिती मान्य करीलच असं नाही. चर्चासत्राच्या स्मरणग्रंथाला आयएसबीएन असतो, पण आयएसबीएन म्हणजे तज्ज्ञपरीक्षण नव्हे. तो कोणत्याही पुस्तकाला मिळतो. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्यापासून नियतकालिकाची पारख संस्थेवर आली आहे, म्हणून लेख पाठवण्याआधी संपादक मंडळातल्या दोघांना विचारून ते खरंच मंडळावर आहेत का, याची खात्री करून घ्या. आणि नोंदणी शुल्क भरून मिळणारे ‘राष्ट्रीय आदर्श ग्रंथपाल’ पुरस्कार! त्या पैशात दोन चांगले कोश येतात.

परिषदेला गेलात तर उद्घाटनाला उशीर झाला तरी चालेल, जेवणाच्या रांगेला नको. आपल्यासारखंच सॉफ्टवेअर वापरणारे, आपल्याइतकाच ग्रंथसंच असणारे तीनचार जण शोधा. बांधणीचा दर काय, नियतकालिकांचा पुरवठादार न आलेल्या अंकांचे पैसे परत करतो का, आरएफआयडीच्या (पुस्तकांवरच्या इलेक्ट्रॉनिक टॅगच्या यंत्रणेच्या) देखभालीचा करार किती वर्षांचा, हे विचारा. ही उत्तरं व्यासपीठावरून मिळत नाहीत. परतल्यावर आठवड्याभरात त्यांना एक कामाचा संदेश पाठवा, नुसता ‘शुभ सकाळ’ नको.

वार्षिक सभेला मात्र वेळेवर जा. बहुतेक संघांच्या घटनेत गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी, गणपूर्तीच्या अटीशिवाय घेण्याची तरतूद असते. त्यामुळे वर्गणीवाढ, घटनादुरुस्ती असे ठराव पंधरा-वीस जणांत होऊन जातात आणि उरलेले शेकडो सभासद वर्षभर कुरकुरतात. सूचनापत्रातला अजेंडा वाचा. हिशोबपत्रकात दोन आकडे पाहा: आजीव वर्गणीची रक्कम मुदत ठेवीत आहे की चालू खर्चात विरघळली, आणि परिषदेचा जमाखर्च स्वतंत्र दाखवला आहे की ‘इतर’मध्ये कोंबला आहे. प्रश्न लेखी द्या, सभेच्या आठ दिवस आधी. आयत्या वेळी विचारलेल्याला ‘पुढच्या सभेत पाहू’ हेच उत्तर मिळतं.

पदाधिकारी व्हायला सांगितलं तर सुरुवात सहसचिव किंवा अंकाच्या संपादन साहाय्यापासून करा. खजिनदारपद पहिल्याच वर्षी घेऊ नका. घ्यावंच लागलं तर जुन्या खजिनदाराकडून कार्यभार यादी करून घ्या: पावतीपुस्तकं आरंभीच्या आणि शेवटच्या क्रमांकासह, न वापरलेली पुस्तकं वेगळी, बँकेचं ताजं विवरण, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या, पॅन, लेखापरीक्षकाचा संपर्क, संघाच्या ईमेलचा आणि संकेतस्थळाचा पासवर्ड, आणि त्या ईमेलशी जोडलेला मोबाईल क्रमांक कोणाचा आहे ते. या शेवटच्या क्रमांकाची आठवण सहसा राहत नाही. मग जुने सचिव गावी गेलेले असतात आणि ओटीपी त्यांच्या फोनवर येत असतो. यादीवर दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत अध्यक्षांकडे द्या, आणि त्याच आठवड्यात फेरफार अहवालाचे कागद वकिलाकडे पोहोचवा.